सार्वजनिक रस्ता, खासगी नाका

इंटरनेट कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. रस्ता खचला तर महापालिकेकडे जावे, वीज गेली तर महावितरणकडे, एस.टी. आली नाही तर आगारप्रमुखाकडे, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु इंटरनेटवरचे एखाद्याचे खाते अकस्मात बंद झाले, किंवा एखाद्या दुकानाचे नाव शोधयादीतून खाली घसरले, तर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे कोणालाच सांगता येत नाही. जी वस्तू आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे, तिच्याविषयी एवढे अज्ञान असणे बरे नव्हे. म्हणून इंटरनेटचा इतिहास, आणि त्यात व्यापाराने वेळोवेळी केलेले फेरफार, येथे क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक सांगून टाकतो. आम्ही इंजिनियर नव्हे. कारखान्यांच्या दारांवर सभा घेत, पगारपत्रके वाचीत आणि जाणत्यांना विचारीत जे शिकता आले, तेवढीच आमची विद्या. पण या चळवळीने आम्हांला कोणत्याही व्यवहाराकडे पाहण्याची एक रीत शिकविली आहे. खर्च कोणी केला, कष्ट कोणी केले आणि नफा कोणाकडे गेला, हे तीन प्रश्न विचारायचे. इंटरनेटलाही तेच विचारू.

प्रथम इंटरनेट म्हणजे काय ते पाहू. ते एक यंत्र नाही. अनेक जाळी एकमेकांना जोडून झालेले ते मोठे जाळे आहे. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबली मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, तेथून जमिनीखालच्या तारांनी आणि मनोऱ्यांच्या लहरींनी संदेश आपल्या घरापर्यंत येतो. पाठवायच्या मजकुराचे लहान लहान तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो, आणि ते तुकडे निरनिराळ्या वाटांनी जाऊन मुक्कामी पुन्हा जोडले जातात. या व्यवस्थेतला मुख्य नियम टपाल खात्यासारखा होता. पाकिटात काय आहे हे वाटेत कोणी पाहायचे नाही, आणि श्रीमंताचे पाकीट पुढे, गरिबाचे मागे, असेही करायचे नाही. हा नियम श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे भांडण त्याच्याभोवती झाले.

आता पहिला प्रश्न. खर्च कोणी केला? अमेरिकेत १९६९ साली जे पहिले जाळे सुरू झाले, त्याचा पैसा तेथील संरक्षण खात्याचा, म्हणजे करदात्यांचा होता. पुढे १९८० नंतरच्या दशकात तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठांना जोडणारे मोठे जाळे उभारले. ते संशोधन आणि शिक्षणासाठी होते, आणि निव्वळ व्यापारी कामासाठी ते वापरू नये असा त्याचा लेखी नियम होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुविज्ञान संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. ही संस्थाही अनेक देशांच्या सरकारी पैशावर चालणारी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची ती सारी विद्या जगाला मोफत देऊन टाकली. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, ३० एप्रिल १९९५ रोजी, अमेरिकेतील ते सार्वजनिक जाळे बंद करून वाहतूक खासगी कंपन्यांच्या हाती देण्यात आली. दोन्ही तारखा कामगारदिनाच्या आदल्या दिवसाच्या आहेत. योगायोगच तो, पण एका तारखेस ज्ञान सर्वांचे झाले आणि दुसरीस रस्ता विक्रीस निघाला, हे आमच्यासारख्याला विसरता येत नाही.

आपल्याकडची कथा याहून फार निराळी नाही. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांना नारायणगाव परिचयाचे आहे. त्याच्या जवळच आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भूस्थानक उभे राहिले, आणि समुद्रापारचा टेलिफोन खडखडाटाशिवाय ऐकू येऊ लागला. तो पैसा भारत सरकारचा होता. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘एर्नेट’ हे शिक्षणसंस्थांचे जाळे सुरू केले. त्यात मुंबईची आय.आय.टी. होती. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून, आणि प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारच शहरांत. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज एक छायाचित्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येते. त्या वेगाने त्याला कित्येक मिनिटे लागली असती. वर्षाला २५० तासांची जोडणी, आणि तिला हजारो रुपये. म्हणजे वस्तू सरकारी खरी, पण गिरणीकामगाराच्या आवाक्यातली नव्हे. त्या काळाचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही.

त्यानंतर मागे न पाहता व्यापार आत आला. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना इंटरनेटची सेवा देण्यास परवानगी दिली. बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर १९९९ मध्ये, ‘सत्यम इन्फोवे’ या कंपनीने मुंबईची ‘इंडियावर्ल्ड’ ही पेढी ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा सौदा केला. लोक चकित झाले. या पेढीकडे ना कारखाना, ना यंत्रे, ना जमीन. तिच्याकडे बातम्या, क्रिकेट आणि शोध यांची काही संकेतस्थळे होती. मग ४९९ कोटी कशाचे? ते होते त्या स्थळांवर येणाऱ्या डोळ्यांचे. वाचकाचे डोळे हाच माल, आणि तो जाहिरातदाराला विकायचा, हा हिशेब येथे प्रथम मोठ्या आकड्यात मांडला गेला.

वर्तमानपत्रेही जाहिरातींवर चालतात, मग यात नवे काय, असे कोणी विचारील. नवे असे की, वर्तमानपत्र तुम्हाला वाचीत नाही. इंटरनेट वाचते. १९९४ साली ‘नेटस्केप’ कंपनीत ‘कुकी’ नावाची युक्ती निघाली. संकेतस्थळाने तुमच्या संगणकात ठेवलेली ती एक चिठ्ठी. तुम्ही परत आलात की चिठ्ठीवरून तुम्हाला ओळखायचे, एवढेच तिचे काम. पुढे जाहिरात कंपन्यांनी हीच चिठ्ठी हजारो संकेतस्थळांवर पेरली, आणि माणूस कोठून कोठे गेला, काय पाहिले, कोठे थबकला याची वहीच तयार होऊ लागली. गूगलच्या दोघा संस्थापकांनी १९९८ साली विद्यार्थी असताना लिहिलेल्या निबंधात स्पष्ट म्हटले होते की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र ग्राहकाकडे न झुकता जाहिरातदाराकडे झुकेल. त्याच गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये जाहिरातींचा धंदा उघडला. आम्ही त्यांना ढोंगी म्हणत नाही. भांडवल घातले की परतावा मागितला जातो, आणि परताव्याचा सोपा मार्ग जिकडे असेल तिकडे चांगली माणसेही वळतात. व्यवस्थेचा दोष माणसाच्या अंगावर टाकून भागत नाही.

या जाहिरातीचा सौदा कसा होतो, ते नाशिककरांना समजावून सांगणे सोपे आहे. पूर्वी बाजारात अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारी उभा असे. माल त्याचा, पण भाव त्याला कळत नसे. ती चाल मोडण्यासाठी बाजार समित्यांचे कायदे झाले आणि लिलाव उघड्यावर आला. आज तुम्ही फोनवर एखादे पान उघडता, त्या क्षणभरात तुमच्या डोळ्यांचा लिलाव होऊन जातो. माल तुमचा आहे. भाव तुम्हाला कळत नाही, आणि पुष्कळदा पान छापणाऱ्यालाही पुरता कळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एका न्यायालयाने निकाल दिला की, या जाहिरात-बाजाराच्या काही भागांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली होती. लिलावाचे आवारही त्याचे आणि विकणाऱ्याच्या हातातली अवजारेही त्याचीच, असा तो प्रकार. आमच्या मते तो रुमालच होता. फक्त कापडाचा नव्हता.

व्हॉट्सॲपचे उदाहरण तर घरातलेच आहे. २००९ साली ते निघाले तेव्हा जाहिराती घेणार नाही अशी त्याच्या चालकांची प्रतिज्ञा होती, आणि वर्षाला एक डॉलर वर्गणी असे. २०१४ साली फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. २०१६ च्या आरंभी वर्गणी रद्द झाली. आपल्याला आनंद झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपली काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण आले. २०२१ साली ते आणखी सक्तीचे झाले, आणि त्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला २१३ कोटी रुपये दंड सांगितला. कंपनी त्यावर अपिलात गेली. जून २०२५ मध्ये त्यात जाहिराती येणार असे जाहीर झाले. प्रतिज्ञा, विक्री, फुकट, माहिती आणि शेवटी जाहिरात, असा हा सोळा वर्षांचा क्रम आहे. दुसऱ्या कोणत्याही सेवेचा इतिहास काढून पाहा, पायऱ्या बहुधा अशाच सापडतील.

आता रस्त्याकडे वळू. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने विदेश संचार निगमचे २५ टक्के भाग आणि त्यांसोबत कारभार टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना दिला. देशातील सेवेसाठी भारत संचार निगम ऑक्टोबर २००० मध्ये निराळी निघाली होती. खासगी कंपन्या २०१२ पासून चौथ्या पिढीची सेवा विकू लागल्या. सरकारी कंपनीला त्या लहरी देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. आणि त्याच निर्णयाबरोबर स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० रोजी सुमारे ७८,५०० कर्मचारी, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकाच दिवशी घरी गेले. खांबावर चढून तारा जोडणारी ही माणसे होती. ज्या कंपनीला शर्यतीत उशिरा सोडले, तिला हरल्याबद्दल बोल लावला गेला, याची नोंद इतिहासाने ठेवावी.

दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट मिळाले. २०१४ साली एक जीबी साधारण २६९ रुपयांना पडत असे, ते २०१८ साली बारा रुपयांवर आले. गरिबाच्या हाती इंटरनेट आले हे खरे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्या लढाईत लहान कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, आणि बाजारात मोठ्या अशा तीन खासगी कंपन्या उरल्या. जुलै २०२४ मध्ये तिन्हींनी पाठोपाठ दर वाढविले, ११ पासून २५ टक्क्यांपर्यंत. ग्राहकाला चौथे दार जवळजवळ नव्हतेच. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्सचे ९.९९ टक्के भाग ४३,५७४ कोटींना घेतले. जुलैमध्ये गूगलने ७.७३ टक्के ३३,७३७ कोटींना घेतले. रस्त्याचा मालक आणि रस्त्यावरच्या सर्वांत मोठ्या दोन दुकानांचे मालक, असे तिघे भागीदार झाले.

येथे कोणी निराश होईल, म्हणून आमच्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आता सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत एक योजना आणली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाला इंटरनेट फुकट, असे तिचे आमिष. पण ते सगळे इंटरनेट नव्हते. फेसबुकने मान्य केलेली काही संकेतस्थळे तेवढी फुकट, बाकीच्यांना पैसे. म्हणजे पाकीट उघडून पाहायचे आणि आपल्या ओळखीचे असेल तर बिनतिकिटाचे सोडायचे! मोठाल्या फलकांवर, वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिराती झाल्या. तरीही देशातल्या तरुणांनी, अभियंत्यांनी, लहान व्यापाऱ्यांनी हे ओळखले. २०१५ च्या वसंतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या मूळ प्रश्नावर मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला की, मजकूर पाहून निरनिराळा दर लावता येणार नाही. जगातल्या अतिश्रीमंत कंपनीला या देशात माघार घ्यावी लागली. ना दगड, ना बंद; केवळ वेळेवर लिहिलेली पत्रे आणि एकजूट. ज्यांना संघटना म्हणजे जुनाट गोष्ट वाटते, त्यांनी हा दाखला जपून ठेवावा.

आता अखेरचा फेरफार, ज्याशी आमचा रोजचा संबंध येतो. आरंभी इंटरनेटने आपला कर घेतला, मग शुल्क, मग डोळे आणि माहिती. आता ते श्रम घेऊ लागले आहे. कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला सायंकाळी हॉटेलांपुढे दुचाकी लावून, फोनकडे पाहत उभी असलेली मुले आपण रोज पाहतो. यांना कंपनी ‘भागीदार’ म्हणते. भागीदाराला नफ्याचा वाटा नाही, दर ठरविण्यात शब्द नाही. काम कोणाला द्यायचे हे ॲप ठरविते. ते का ठरविले हे सांगत नाही. अशा एका मुलाचे खाते ग्राहकाच्या तक्रारीवरून बंद झाले, तेव्हा त्याच्याबरोबर आम्ही कंपनीच्या माणसाचा शोध घेतला. माणूस सापडलाच नाही. फोनच्या पडद्यावर ठरीव उत्तरे येत राहिली. कारखान्यातल्या कामगाराला काढायचे तर आरोपपत्र लागते, चौकशी लागते, बाजू मांडायची संधी लागते. येथे अंगठ्याच्या एका दाबाने भाकरी जाते.

आमच्या सिन्नरच्या विडी कामगार भगिनींना हे नवे वाटणार नाही. घरी बसून विड्या वळायच्या, कारखानदार म्हणायचा तू माझी नोकर नाहीस. आणि माल घेताना ‘छाट’ काढायची, म्हणजे विड्या वाईट म्हणून बाजूला टाकायच्या आणि त्यांची मजुरी द्यायची नाही. वाईट कशावरून, हे कारखानदार ठरवणार. ॲपवरचे तारे म्हणजे तीच छाट होय. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, आणि त्याखालच्या नियमांनी छाटीला मर्यादा घातली. हमालाचाही मालक कोण ते ठरत नव्हते. आज या पेढीवर ओझे, उद्या त्या पेढीवर. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांच्या लढ्याने १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळात नोंदणी करायची, पेढ्यांनी मजुरी आणि तीवर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी द्यायचे. मालक अनेक असले तरी जबाबदारी एका वहीत लिहिता येते, हे या राज्याने जगाला तेव्हाच दाखवून दिले.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख कामगार होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा त्याचा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम यांच्या कल्याणासाठी द्यावी, असे कलम आहे. पाऊल चांगले आहे. पण तीत किमान वेतनाची हमी नाही. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी सूचना व लेखी कारणे देण्याचे बंधन आहे. माथाडी कायद्याच्या भूमीने याहून कमी का मागावे?

आमच्यावर एक आक्षेप येईल. व्यापारामुळेच इंटरनेट वाढले; लासलगावचा कांद्याचा भाव शेतकऱ्याला बांधावर कळतो, भाजीवाली मोबाइलवर पैसे घेते; हे तुम्हाला नको काय? आम्हांला ते हवेच आहे. आमचे भांडण व्यापाराशी नाही. दुकान खासगी असावे, चढाओढ असावी. पण रस्ता, वजनकाटा आणि दुकान ही तिन्ही एकाच हाती असू नयेत. मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत एप्रिल २०१६ मध्ये आली, ती बँकांनी मिळून चालविलेल्या, नफा न वाटणाऱ्या संस्थेने उभारलेली आहे. रस्ता सर्वांना खुला म्हणूनच ती भाजीवालीपर्यंत गेली. परंतु त्या खुल्या रस्त्यावरही सुमारे ८० टक्के व्यवहार दोनच कंपन्यांच्या ॲपवरून होऊ लागले, आणि एका कंपनीकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत हा २०२० साली ठरलेला नियम पुढे पुढे ढकलला गेला. रस्ता बांधून काम संपत नाही. त्यावर पहाराही ठेवावा लागतो.

तेव्हा नागरिकांनी करायचे काय? प्रथम, फुकट म्हणून जे समोर येईल त्याची किंमत कोणत्या रूपात दिली जाते ते विचारावे. दुसरे, २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेले त्याचे नियम वाचनालयातून आणून वाचावेत, आणि आपली माहिती कोणाकडे आहे ते लेखी विचारण्याची सवय लावावी. तिसरे, नियामक प्राधिकरण मते मागविते तेव्हा ग्राहक पंचायतीने, व्यापारी संघाने, कामगार संघटनेने एकत्र बसून उत्तर पाठवावे. कंपन्या तर पाठवितातच. चौथे, दारात जेवण घेऊन येणाऱ्या मुलाची कमी तारे देऊन छाट काढण्यापूर्वी त्याच्या भाकरीचा विचार करावा, आणि त्याने संघटना बांधली तर तिच्या पाठीशी उभे राहावे.

जे जाळे लोकांच्या पैशाने विणले गेले, त्यावर लोकांचा हक्क उरतो. मात्र मागितल्याशिवाय तो मिळत नाही. रुमालाखालचा हात उघड्यावर आणायला पूर्वी शेतकऱ्यांना झगडावे लागले, छाट मोडायला विडी कामगारांना. आता ती पाळी आपली आहे.